भांड्यांवरची नावं

आमच्या घरात वाचता येणारी पहिली बाई मी. हे सांगताना अजूनही मान ताठ करावीशी वाटते, आणि तेव्हा तर ती कायम ताठच असायची. मी सातवीत होते, दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या, आणि आळीत कुणाचं पत्र आलं, कुणाला तलाठ्याचा कागद आला की माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. मी हातातलं काम मुद्दाम सावकाश संपवायची, परकराला हात पुसायची आणि मग जायची. पत्र आधी मनात वाचायचं, भुवई जरा वर करायची आणि मग मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही माझी पद्धत. तेवढा वेळ बायका पदर तोंडाशी धरून थांबत. अशा माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला एक अक्षर ओळखता येत नाही, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला आधी वाईट वाटलं नाही. राग आला. माझीच अब्रू गेली असं वाटलं.

आमचं घर भिवंडीजवळच्या पूर्णा गावात, आळीच्या शेवटाला. पुढे ओटा, मागे विहीर, मध्ये तीन खोल्या, आणि विहिरीपलीकडे लगेच भाताची खाचरं. आज त्या खाचरांवर गोदामं उभी आहेत, दिवसरात्र कंटेनर लागलेले असतात, आणि आमची विहीर नेमकी कुठे होती हे मला आता पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून अंदाजानं सांगावं लागतं. वडील भिवंडीत लूमवर होते, त्यांनाही अक्षर येत नव्हतं. सायकलनं ड्युटीला जात. त्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून आमच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं मागायचं. दिवसाची शिफ्ट असली की ते संध्याकाळी येत, पाय धूत, चहाचा पेला आणि सकाळची तांदळाची भाकरी घेऊन ओट्यावर बसत आणि म्हणत, "हां कुशे, पढ." हे 'पढ' त्यांनी लूमवरून आणलेलं. मग कुशी, म्हणजे माझी बहीण कुसुम, वय वर्षं आठ, पहिलीचं पुस्तक मांडीवर उघडून सुरू होई. आवाज खणखणीत, मध्ये श्वास नाही, अडखळणं नाही. बोट ओळीवरून सरके, पान वेळेवर उलटे. आत आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आणि बाहेर कुशीचं वाचन, दोन्ही एका ठेक्यात चालत. वडील भाकरीचा तुकडा चहात बुडवून धरत आणि तो विरघळून पडला तरी त्यांचं लक्ष नसे, इतके ते तिच्या तोंडाकडे बघत राहत.

कुशीचं हे बोलणं कुठून आलं ते सांगण्यासाठी हिरा आत्याबद्दल सांगायला हवं. वडिलांची बहीण, वळ गावात दिलेली, मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंतचे सगळे विधी धवलारीण गाऊन करवते. देवांना बोलावणं, हळद दळणं, मांडव घालणं, प्रत्येकाचं वेगळं गाणं, त्यांना धवले म्हणतात. आत्याला ते शेकड्यांनी येत आणि त्यातला एकही तिनं कधी लिहिलेला पाहिला नव्हता. दहा गावांतून तिला बोलावणं यायचं. तिच्यासमोर मोठमोठे पाटील खाली मान घालून बसत आणि ती सांगेल तसे हात जोडत. कुशी चार वर्षांची असल्यापासून लग्नात तिच्या पाठीला चिकटून बसायची, आणि सहाव्या वर्षी तर आत्या दमली की पुढची ओळ ही उचलायची. बायका तोंडात बोट घालायच्या. आत्या तिला कुरवाळून म्हणायची, "बाय माजे, तुजे पोटान माजा गला हाय." एकदा कानावर पडलं की ते कुशीचं झालं. आम्हाला त्याचं कौतुक होतं, आणि ह्याच कौतुकानं आम्हाला दोन वर्षं फसवलं.

झालं असं, की आत्या एकदा परत जायला निघाली तेव्हा आईनं तिला सुकट बांधून दिली. घाईत कागद मिळेना, म्हणून समोर पडलेल्या पुस्तकाचं एक पान फाडलं. आईला काय, ते पुस्तक म्हणजे कागदच. त्या संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. कुशीचं वाचन चाललं होतं, शेळीचा धडा, मला स्वतःला तो ऐकून ऐकून पाठ झालेला. तिनं पान उलटलं आणि शेळी नदीवर गेली. पुन्हा उलटलं आणि शेळी घरी आली. माझा हात तांदळात थांबला. कारण शेळी नदीवर जाते ते पान दुपारीच वळला गेलं होतं, सुकटीबरोबर. मी उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिले. तिच्यासमोर फुलपाखरांची कविता होती, आणि ती बोट फिरवत, डोळे पुस्तकात घालून, शेळीला चारा घालत होती. मी पुस्तक ओढून घेतलं आणि ओरडले, "बाबा, ही वाचतच न्हाय! ही नुसती बोलते!" कुशी माझ्याकडे बघत राहिली. ती घाबरली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की वाचन म्हणजे हेच: कुणीतरी एकदा म्हणून दाखवायचं, आपण लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी पुस्तक उघडून म्हणायचं. तिला वाटायचं मीही पत्रं अशीच वाचते, पोस्टमननं आधी कानात सांगितलेली.

मास्तरांचा निरोप तर आधीच येऊन पडला होता. मुलगी दोन वर्षं पहिलीतच आहे, मधल्या ओळीवर बोट ठेवलं की गप्प होते, घरी बसवलीत तर बरं. वडिलांना तोवर तो मास्तरांचा आकस वाटत होता. आता ते पेला खाली ठेवून सायकल पुसायला गेले. पुढच्या वेळी आत्या आली तेव्हा तिनंच विषय काढला. "माजेकरं दे तिला, दादा. शालेन काय उजेर परला? माजे मागं ही धवलं कोन बोलंल? माजे घरान राहील, माजेसंगती फिरंल, मानानं जगंल." आत्या वाईट बोलत नव्हती. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. वडील बराच वेळ हातावरची तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "शिमग्यापरत बगतू. न्हाय आला वाचाला, तर ने."

मी आतून ऐकलं. शिमगा चार महिन्यांवर होता. कुशी आणि मी एका गोधडीत निजायचो, तिचे थंड पाय माझ्या पोटऱ्यांना लागायचे, आणि रोज मी त्यावरून तिला शिव्या घालायचे. ती वळला गेली तर ते पायही जाणार होते. पण खरं सांगते, तेवढंच नव्हतं. ती शाळेतून निघाली की पुन्हा कधी अक्षराला हात लावणार नाही, आईसारखी कागदाला कागद समजून जगेल, हे मला सहन होत नव्हतं. मी ठरवलं, हिला मी वाचायला शिकवणार. कशी, ते ठाऊक नव्हतं.

पहिला महिना पालथ्या घड्यावर पाणी. मी बाराखडी घेतली तर कुशीनं ती दोन दिवसांत चालीवर बसवली आणि अख्खी म्हणून दाखवली. मधल्याच अक्षरावर बोट ठेवलं तर ती पहिल्यापासून गात गात तिथपर्यंत यायची. मी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले, एकेका पत्त्यावर एकेक अक्षर, आणि ते पिसून तिच्यासमोर धरले. आठवड्यात तिला सगळे येऊ लागले. मी आनंदानं आईला बोलावणार, इतक्यात लक्षात आलं की ती अक्षराकडे बघतच नाहीये. 'म'च्या पत्त्याला तेलाचा डाग होता, 'ग'चा कोपरा दुमडला होता, 'ब'वर मागून गणपतीची सोंड दिसत होती. तिनं डाग पाठ केले होते! त्या दिवशी मी तिला मारलं. दोन थोबाडीत दिल्या, मनापासून, आणि वर म्हणाले, "जा वळला, बोंबलत फिर आत्याचे मागं." ती रडली नाही. खाली पडलेले पत्ते गोळा करून नीट एकावर एक रचून तिनं माझ्या पुढ्यात ठेवले. त्या दोन चपराका मला आज सत्तरीकडे जातानाही आठवतात. माझी सून नातवाला मोबाइलवर अक्षरं शिकवते, त्यानं चुकीचं बटण दाबलं की एक अस्वल हसून म्हणतं, पुन्हा प्रयत्न कर. मी अस्वलाहून वाईट मास्तरीण होते.

वाट सापडली ती विहिरीवर. भांडी घासायचं काम आम्हा दोघींचं. राख आणि काथ्या माझ्याकडे, विसळणं तिच्याकडे. एके दिवशी पितळी टोप विसळताना तिचं बोट त्याच्या काठाखाली थांबलं. "ताय, ह्या काय खरबरीत?" मी न बघता म्हणाले, "नाव हाय." तेव्हा भांड्यांवर नावं घालायची ती छिन्नीनं ठोकून, टिंबाटिंबांची. कुशी ते टोप वर्षानुवर्षं विसळत होती, पण ती टिंबं म्हणजे लिहिलेलं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "कोनाचा?" तिनं विचारलं. "वाच." तिनं टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी तिला ते कधी म्हणून दाखवलं नव्हतं, त्याला चाल नव्हती, पुढची ओळ नव्हती. पाठ करायला काही नव्हतंच. मी तिचं ओलं बोट धरलं आणि पहिल्या अक्षराच्या टिंबांवरून फिरवलं. "ह्यो स. डोक्यावर दोन मातरा आन् काना. सौ." मग दुसऱ्या टोपावर, मग ताटावर. जिथे तिथे सौ. कुशीचे डोळे मोठे झाले. "ही सौ सगलीकरं हाय?" तिनं विचारलं, आणि मला इतकं हसू आलं की काथ्या विहिरीत पडला.

आमच्या घरची भांडी चाळीसभर. ती तिला आठ दिवसांत पाठ झाली. टोपाचा पोचा बघून ती नाव सांगू लागली, आणि आम्ही पुन्हा होतो तिथेच आलो. मला परकी भांडी हवी होती, तिनं न हाताळलेली, आणि पुष्कळ. म्हणून मी आळीत घरोघरी जाऊन म्हणाले, काकी, तुमची भांडी घासून देते. बायकांना आधी वाटलं माझं डोकं फिरलं. मग वाटलं, फिरलं असेल तर बरंच आहे. रोज एका घरची टोपली आम्ही विहिरीवर आणायचो, घासायचो, कुशी एकेक भांडं उलटसुलट करून त्यावरचं नाव काढायची आणि संध्याकाळी ती टोपली तशीच त्या घरी परत जायची. आईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धारलं घोरं! लोकांची खरकटी कारता, मना तोंड दाखवाला जागा ठेवली न्हाय." मी म्हणाले, "आये, शिमग्यापरत." एवढंच. थंडीचे दिवस, विहिरीचं पाणी सकाळी कोमट असायचं पण राखेनं आमच्या हातांना चिरा पडल्या. रात्री आई पुटपुटत त्यांवर खोबरेल चोळायची. कुशी कधी कुरकुरली नाही. तिला गोडी लागली होती. तिला कळलं होतं की लिहिलेलं गुपित असतं, आणि ते आपल्याला कुणी न सांगता कळू शकतं. जोडाक्षर आलं की ती बोट तिथेच दाबून धरायची, तोंडातल्या तोंडात दोन्ही आवाज आलटून पालटून बघायची आणि जुळले की ओरडायची, "धर्मा! धर्मा हाय ह्यो!"

मला वाटलं, जिंकले. आत्या पौषात आली तेव्हा मी कुशीला सगळ्यांसमोर उभी केली आणि शेजारचं एक ताट तिच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं. आत्या हसली. "अगं, ह्या ताट मी पन वलखते. धोंडीचे घरचा. हिना काय, एक डाव बगितला का झायला." मग मी पाटीवर नवं वाक्य लिहिलं, 'आज आत्या आली आणि आईने वालाचं बिरडं केलं.' कुशीनं ते सावकाश वाचलं. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वच्छे, लिवनारी तू, बरोबर बोलनारी पन तूच. मना कसा कलनार? मागं पन मना वाचतेच वाटली." ज्या मुलीला सगळंच लक्षात राहतं ती एखादी गोष्ट वाचून सांगते की आठवून, हे न वाचणाऱ्या माणसाला दाखवायचं कसं? मी मास्तरांना बोलवा म्हणाले. वडील म्हणाले, मास्तर दोनदा बोललाय, तिसऱ्यांदा कशाला ऐकू. आत्यानं वळला कुशीसाठी नवी गोधडी शिवायला घेतली होती, हे तिनं जाता जाता सांगितलं.

शिमग्याला दहा-बारा दिवस उरले असताना आळीत लग्न निघालं, खंडूकाकांच्या मुलीचं. लग्न म्हटलं की आमच्याकडे भांडी भाड्यानं आणत नसत. घराघरातून टोप, हंडे, पराती, ताटं गोळा होत आणि लग्न झालं की पुन्हा घराघरात पोचती होत. दोन दिवस आळीभर वड्यांचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास होता, आत्याचा आवाज मांडवातून सगळीकडे जात होता, आणि तिच्या पाठीशी कुशी बसली होती. मला ते बघवत नव्हतं. इतकी सुंदर म्हणत होती ती. तिसऱ्या दिवशी मोठ्या बायका नवरीला पोचवायला गेल्या आणि मांडवात भांड्यांचा डोंगर उरला. पोचवायचं काम आम्हा मुलींवर आलं. एरवी हे काम आळीतली जनाकाकी बघायची. तिला प्रत्येक घरचं भांडं पोच्यावरून, कडीवरून ओळखू येई, नाव वाचायची गरजच नसे. पण ती वरातीबरोबर गेली होती. मी मोठे टोप ओढत होते, घामाघूम झाले होते. कुशीला म्हणाले, "तू नाव बग आन् ढीग लाव, आम्ही पोरी पोचवतो." आणि कुशीनं ढीग लावले; ती नाव सांगायची आणि पोरी भांड्याकडे न बघता उचलून पळायच्या. तासाभरात मांडव रिकामा झाला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बायका परतल्या आणि आळीत आरडाओरडा सुरू झाला. ह्या घरची परात त्या घरात, त्या घरची ताटं तिसरीकडे. तीन टोप आमच्याच ओट्यावर होते. कुशी म्हणाली, ते कशेळी गावाला पोचवायचे आहेत, कुणी जाणारं मिळालं की देऊ. आणि एक कळशी तिनं वेगळी ठेवली होती, कारण तिच्यावरचा माणूस मेलेला आहे हे तिला माहीत होतं, पण मेलेल्याचं भांडं कुठे द्यायचं ते माहीत नव्हतं. सगळ्यात वर कहर म्हणजे हरीकाका. हरीकाका वरच्या आळीतले, जनाकाकीचे सख्खे भाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं तुटलेलं, सहा वर्षं एकमेकांच्या दारात पाय नाही. ते तांब्याचा भला मोठा हंडा खांद्यावर घेऊन आमच्या ओट्यासमोर आले, मागून जनाकाकी आली, आणि हरीकाका कापऱ्या आवाजात वडिलांना म्हणाले, "दादा, तुमचे पोरींनी ह्यो हंडा माजे घरान आनून ठेवला. तिचे लग्नान मी दिलेला, माहेरचा. तिना परत धारला का काय? एवरा वैर?" जनाकाकी किंचाळली, "मी कशाला धारू? माजा हंडा! मना म्हाईत पन न्हाय!" भांडायला का होईना, सहा वर्षांनी ती दोघं बोलत होती, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळी आळी आमच्या अंगणात जमली. वडील मला विचारत होते, कुणी केलं, आणि मी कुशीकडे बघू नये म्हणून जमिनीकडे बघत होते. कुशी स्वतःच पुढे आली. "मी केला," ती म्हणाली. "त्याचेवर लिवलंय. हरी पांडू."

चूक माझी होती. भांड्यावर कधी घरवालीचं नाव असतं आणि कधी आहेर देणाऱ्याचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. विहिरीवर टोपली त्या त्या घरीच परत जायची, त्यामुळे तो प्रश्न आलाच नव्हता. आमच्या बायका जन्मभर ज्या भांड्यांत रांधतात त्यांतल्या निम्म्यांवर त्यांचं नाव नसतं, हे तेव्हा मलाही सुचलं नव्हतं. वडिलांनी हात उगारला. मी मध्ये पडणार, तोच आत्या उठली. ती लग्नाचा शिधा बांधत ओट्यावर बसली होती. "थांब दादा," ती म्हणाली, आणि मांडवात म्हणावं तसं सगळ्यांनी ऐकावं अशा आवाजात कुशीला विचारलं, "बाय, ह्यो हंडा तू आदी बगितलाव?" कुशी म्हणाली, "व्हय. जनाकाकीचे मोरीन असतो. मी रोज त्यातला पानी पिते." "मंग जनाचा हाय ह्या तुला म्हाईत व्हता." "व्हय." "तरी पन हरीकरं धारलाव?" "लिवलंय ना तसा!" कुशी आता चिडली होती. "ताय बोलली, नाव बग आन् ढीग लाव. मी नाव बगितला."

आत्या वडिलांकडे वळली. "दादा, आख्खा गाव ह्यो हंडा वलखतो. मी वळची, मी पन वलखते. नुसती ध्यानान ठेवनारी पोर ह्यो हंडा डोले मिटून जनाचे घरान नेती. मी पन नेला असता. हिना हंडा बगितलाच न्हाय. हिना अक्षरां बगितली." हरीकाकांनी हंडा खाली टेकवला आणि आडवा केला. "बोल गे पोरी, काय लिवलंय? मी घालून घेतलेला, मना तोंडपाठ हाय." कुशी मांडी घालून बसली, बोट काठावर ठेवलं. "ह... री... पां... डू... यां... ज... कडून." मग ती अडली. पुढच्या अक्षरावर बोट दाबून धरलं. "आ... शी..." पुन्हा अडली. मला ओठ चावून गप्प राहावं लागलं. "र... वा... र्वा... आशीर्वाद!" ती ओरडली. हरीकाकांनी मान हलवली आणि तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. आमची कुशी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत अडखळली होती, आणि मी ओट्याच्या खांबाला धरून रडत होते.

आत्या दुसऱ्या दिवशी एकटी वळला गेली. जाताना तिनं कुशीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मला काही म्हणाली नाही, आणि मीही तिच्या पाया पडायचं विसरले. तिच्यानंतर ते धवले म्हणणारं कुणी झालं नाही. कुशीनं पुढं ठाण्याच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तीस वर्षं काढली; गाणी तिला हळूहळू कमी येऊ लागली, आणि आज विचारलं तर ती पाचसहा पूर्ण म्हणते, बाकीच्यांच्या सुरुवाती. ते माझ्यामुळे गेलं, हे मला माहीत आहे. मला त्याचं दुःख आहे. तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, पुन्हा आळीभरची भांडी घाशीन, हेही मला माहीत आहे. फक्त आत्याच्या पाया पडेन, आणि एक वही घेऊन तिच्यासमोर बसेन.

शिमगा झाला आणि वडिलांनी अर्धी ड्युटी बुडवली. मला आणि कुशीला घेऊन शाळेत गेले. स्वच्छ सदरा घातला होता, टोपी हातात धरली होती. मास्तरांनी कंटाळलेल्या चेहऱ्यानं दुसरीचं पुस्तक घेतलं, मधलंच पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कुशीनं आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी टेकवलं आणि सुरू झाली. चार शब्दांना इतका वेळ लागला की मागच्या बाकावरची मुलं हसू लागली. मास्तर वडिलांना म्हणाले, "अहो, ही तर शब्दाशब्दाला अडखळते. पूर्वी निदान घडाघडा म्हणून तरी दाखवायची."

"घराघरा बोलत व्हती तवा खोटी बोलत व्हती, मास्तर," वडील म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. "आता अरखलते, ती खरी. शालेतून हिचा नाव नका कारू."

मास्तरांनी एकदा वडिलांकडे बघितलं, मग कुशीच्या चिरा पडलेल्या बोटाकडे. आणि त्यांनी स्वतःचं बोट उचलून पुढच्या ओळीवर ठेवलं.